गोव्यातली चवथ: दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

श्रावण अर्धा सरला की चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, प्रश्न येऊ लागतात. काही नव्याने गोव्यात राहायला आलेल्यांचे असतात, काही पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या गोंयकारांचे, आणि बरेचसे नव्या सुनांचे, ज्यांना सासूला विचारायचा संकोच वाटतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत. उत्तरे फोंडा-डिचोली भागातल्या रिवाजाला धरून आहेत. पेडणे किंवा काणकोणात थोडेफार वेगळे दिसेल.

१. चवथ नेमकी कधी असते? तारीख एवढी पुढेमागे का होते?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. ही चतुर्थी ज्या दिवशी मध्यान्हकाळी असते तो दिवस धरतात, म्हणून तिथी सकाळी उशिरा लागली तरी पूजा त्याच दिवशी होऊ शकते. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्यामुळे चवथ दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेते. २०२४ साली ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला येते. रजेचा अर्ज आणि रेल्वेचे तिकीट या दोन गोष्टींसाठी पुढच्या वर्षीचे पंचांग हाती येताच ही तारीख बघून ठेवावी.

२. सरकारी सुट्टी किती दिवस? बँका, दुकाने, बसेस यांचे काय?

गोव्याच्या सरकारी यादीत चवथीचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवस अशा दोन सुट्ट्या असतात. पणजी विभागातल्या बँकाही दोन्ही दिवस बंद असतात. इतर बहुतेक राज्यांत एकच दिवस मिळतो, म्हणून मुख्यालय बाहेर असलेल्या कंपन्यांच्या यादीत दुसरा दिवस कधी कधी नसतो. खासगी नोकरी असेल तर ती यादी आधीच बघा. शाळांना यापेक्षा जास्त सुट्टी असते. तिचे परिपत्रक शाळेकडून येते.

सरकारी यादी काहीही म्हणो, गाव मात्र तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवसाच्या, दुपारपासूनच थंडावतो. गवंडी, सुतार, प्लंबर, घरकामाला येणाऱ्या बाया, सगळे आपापल्या मूळ घरी गेलेले असतात. चवथीच्या दिवशी खासगी बसेस तुरळक धावतात आणि गावातली बहुतेक हिंदू दुकाने बंद असतात. गॅस, दूध, औषधे यांची सोय दोन दिवस आधी करा. नळ गळत असेल तर तोही त्याआधीच दुरुस्त करून घ्या, नंतर आठवडाभर कोणी फिरकणार नाही.

३. पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सवाची सवय आहे. इथे मंडप, ढोलताशे फारसे दिसत नाहीत. सण कुठे असतो?

घरात. गोव्यात सार्वजनिक गणपती आहेत, पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को इथे चांगले मोठेही आहेत, पण सणाचा जीव तिथे नाही. तो मूळ घरात आहे. एरवी कुलूप असलेले गावचे घर या दिवसांत उघडते, झाडलोट होते, रंग निघतो. कोण बंगळूरहून येतो, कोण दुबईहून, आणि एकाच गणपतीपुढे चार-पाच चुली असलेले कुटुंब एकत्र जेवते. काही वाड्यांवर ही संख्या शंभराच्या वर जाते.

याला इतिहासाचीही बाजू आहे. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत इथे पोर्तुगीजांचे राज्य होते. टिळकांच्या काळात महाराष्ट्रात सण रस्त्यावर आला, तसा तो इथे येणे सोपे नव्हते. त्याही आधी, १५६० ते १८१२ या काळात (मधली काही वर्षे सोडून) धर्मसमीक्षणाचा (इन्क्विझिशनचा) धाक होता आणि जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे तिसवाडी, बारदेस, साष्टीतल्या घरांत मूर्ती ठेवणेसुद्धा धोक्याचे होते. सण घराच्या आत आणि घराण्याच्या हातात राहिला. खाली बऱ्याच प्रश्नांना "घरच्या थोरांना विचारा" असे उत्तर आहे, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. या सणाचा नियमग्रंथ म्हणजे घराण्याची रीतच आहे.

४. गणपती किती दिवस ठेवायचा?

घराण्यात जितके दिवस चालत आले तितके. बहुतेक घरांत दीड दिवस, म्हणजे पंचमीच्या संध्याकाळी विसर्जन. पाच, सात, नऊ, अकरा दिवसांचेही असतात, क्वचित एकवीस. सुट्टी मिळत नाही म्हणून पाचाचा दीड करणे किंवा हौस म्हणून दीडाचा पाच करणे, दोन्ही घडते. त्यात पाप नाही, पण एकट्याने ठरवू नका. तुमचा गणपती दीड दिवसाचा आणि मन भरत नसेल तर शेजारी सात दिवसांचा असतोच. आरतीला तिकडे जा.

५. मूर्ती कधी सांगायची आणि कुठे?

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या चित्रशाळेत. निदान महिनाभर आधी. जुन्या पद्धतीत घरचा पाट शाळेत नेऊन देतात आणि मूर्ती त्याच पाटावर घडवली जाते. पाट पोचला की मूर्ती सांगितली गेली. पाट देताना उंची सांगाच, आणि त्याआधी देवघराच्या दाराची व माटोळीखालच्या (प्रश्न ६ पाहा) मोकळ्या जागेची उंची मोजून घ्या.

मूर्ती चिकणमातीचीच घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर गोव्यात बंदी आहे, तरी बाजारात त्या "मातीच्या" म्हणून गळ्यात मारल्या जातात. उचलून बघा. मातीची मूर्ती आकाराच्या मानाने जड असते आणि तळाशी, जिथे रंग नसतो, तिथे नखाने खरवडले तर माती सुटते. फार हलकी, फार गुळगुळीत आणि फार स्वस्त असेल तर संशय घ्यावा. इथल्या मातीच्या मूर्तिकारांना सरकारच्या हस्तकला महामंडळाकडून अनुदान मिळते. शाळेत जाऊन मूर्ती ओली असतानाच बघितली तर हा प्रश्नच उरत नाही.

मूर्ती चवथीच्या सकाळी किंवा तयेच्या संध्याकाळी आणतात. आणताना तोंडावर वस्त्र किंवा रुमाल. पाऊस असणारच, तेव्हा छत्री धरायला एक माणूस वेगळा ठेवा. त्याला दुसरे काम सांगू नका.

६. माटोळी म्हणजे काय आणि ती बांधायची कशी?

गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली त्या दिवसांतली फळे, भाज्या, रानातल्या वस्तू. गोव्याच्या चवथीत मखर दुय्यम, माटोळी पहिली. मखर नसलेली घरे खूप आहेत. माटोळी नसलेले घर सहसा मिळणार नाही, मग ती पाच वस्तूंची का असेना.

सर्वांत आधी आंब्याचे टाळे. मग चार कोपऱ्यांना जड वस्तू: असोल्या (न सोललेल्या) नारळांची पेंड, सुपारीची शिपटी, केळीचा घड. वजन समोरासमोर सारखे पडले पाहिजे, नाहीतर चौकट कलते आणि पूजा चालू असताना सगळ्यांचे लक्ष वर राहते. मधल्या पट्ट्यांवर काकडी, चिबूड, दोडकी, पडवळ, भोपळा, नीरफणस, तोरिंग, आंबाडे. आणि सर्वांत शेवटी, खालून दिसतील अशा, रानच्या वस्तू: कांगलां, लालभडक कवंडाळां, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या, शेरवडाची पांढरी पाने. बांधायला रानातल्या सालीचे दोर वापरत, अजून वापरतात. सुतळी चालते, प्लास्टिकची दोरी मात्र घसरते. जड वस्तू तर तिने बांधूच नका.

सामान माटोळीच्या बाजारात मिळते. चवथीच्या आधी दोन-तीन दिवस फोंडा, म्हापसा, डिचोली, पणजी, मडगाव इथे तो भरतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागातल्या बाया डोंगर पालथे घालून हे सगळे आणतात. घासाघीस करा, पण कांगल्यांच्या घोसासाठी तो हात कुठल्या काट्यांत गेला असेल याचा अंदाज ठेवून करा. स्वतः रानात जाणार असाल तर हवे तेवढेच तोडा आणि वेल मुळासकट ओढू नका. रस्ते, खाणी आणि वसाहती यांनी रान आधीच आत ढकलले आहे, काही वस्तू आता चार डोंगर ओलांडल्याशिवाय मिळत नाहीत.

कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते. तिथल्या माटोळ्यांत शेकड्यांनी वस्तू असतात आणि प्रत्येकीचे नाव-उपयोग लिहिलेले असतात. मुलांना घेऊन बघायला जरूर जा. आपल्या घरची माटोळी तेवढी असली पाहिजे असे मात्र मनात आणू नका.

७. फ्लॅटच्या स्लॅबला कडी नाही. माटोळी कुठे टांगू?

दोन उपाय लोक करतात. एक, चार पायांची लाकडी किंवा लोखंडी चौकट करून घेणे, म्हणजे छताशी संबंधच येत नाही. दुसरा, भिंतीपासून भिंतीपर्यंत दांडा बसवून त्याला छोटी माटोळी. पंख्याच्या हुकाला टांगू नका. नारळाची एक पेंड किती जड असते ते हातात घेऊन बघा, मग वेगळे सांगावे लागणार नाही.

८. माटोळीतले सगळे खातात का?

नाही, आणि घरात लहान मुले असतील तर हे नीट लक्षात ठेवा. कवंडाळ दिसायला मोहक पण विषारी आहे, ते तोंडात जाता कामा नये. रानच्या बाकीच्या वस्तूही शोभेच्या आणि मानाच्या. विसर्जनानंतर माटोळी उतरवली की नारळ, केळी, काकडी, चिबूड प्रसाद म्हणून शेजारी-पाजारी वाटतात आणि रानचे सामान माडाच्या मुळाशी जाते.

९. तय म्हणजे हरितालिकाच ना?

होय. चवथीच्या आदल्या दिवशी बायका गौरी-महादेवाची पूजा करतात आणि उपास धरतात. कधी तृतीया आणि चतुर्थी एकाच दिवशी येतात. तेव्हा दोन्ही पूजा एकाच दिवशी होतात आणि उपासाच्या माणसांनाच स्वयंपाकघरात उभे राहावे लागते. त्या वर्षी पुरुषांनी नारळ खवायला बसावे हे बरे.

१०. नैवेद्याला काय काय करायचे? यादी द्या.

यादी घराप्रमाणे बदलते, पण कांदा-लसूण कुठेच नाही आणि नारळ सगळीकडे आहे. गोड पदार्थांत मोदक, नेवऱ्या (घाटावर ज्यांना करंज्या म्हणतात), पातोळ्या, पायस. पंचखाद्य तर हवेच: चण्याची डाळ, खोबरे, गूळ, तीळ, वेलची. आरतीनंतर हातावर पडते ते हेच. जेवणात मुगागाठी, अळूचे पातळ (त्यात आंबाडे), वडे, भाज्या आणि खतखते.

खतखत्याबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. भाज्या निदान पाच, जमल्यास त्याहून जास्त: शेवगा, सुरण, मुळा, कच्ची केळी, रताळे, मक्याची कणसे, नीरफणस, लाल भोपळा. कठीण भाज्या आधी, मऊ नंतर, आणि सगळ्यांचे तुकडे मोठे. शिजलेली तूरडाळ घाला. वाटण ओले खोबरे, सुकी मिरची, हळद यांचे. आंबटाला सोले (आमसुले) किंवा चिंच, जोडीला गूळ. पण खतखते खतखते होते ते तिरफळांनी. तिरफळातल्या काळ्या बिया काढून टाका, टरफले थोडी ठेचून शेवटच्या उकळीला घाला, झाकण ठेवा आणि वरून चमचाभर खोबरेल. मिक्सरमधून तिरफळ काढू नका, कडवटपणा उतरतो. आदल्या दिवशीचे उरलेले खतखते दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागते, म्हणून थोडे जास्तच करतात.

पातोळ्यांसाठी हळदीची पाने लागतात. तांदळाचे वाटण पानावर पातळ सारवून आत चून, म्हणजे गूळ-खोबरे, भरायचे, पान दुमडायचे आणि वाफवायचे. पान उलगडताना वाटण चिकटले तर ते पातळ झाले होते किंवा पातोळी पुरती निवली नव्हती. हळद कुंडीतही येते. जूनमध्ये लावली तर चवथीला पाने विकत घ्यावी लागत नाहीत. गंमत म्हणजे १५ ऑगस्टला, सायबिणीच्या फेस्ताला, ख्रिस्ती घरांतही पातोळ्याच होतात. तेव्हा हळदीच्या पानांची मागणी दोन्ही बाजूंनी असते.

११. दुसऱ्या दिवशी भाताची कणसे दाराला बांधतात ती कशाची?

ऋषिपंचमीला बऱ्याच घरांत नव्याची पंचम असते. शेतातली नवी कणसे आणून पूजतात, दाराला, देवघराला बांधतात आणि नवे तांदूळ शिजत्या भांड्यात टाकतात. शेत नसेल तर बाजारात जुडी मिळते. चवथ ऑगस्टमध्येच आली की कणसे कोवळी असतात, तिथे काही इलाज नाही.

१२. मासे कधीपासून खायचे?

हा प्रश्न लाजत विचारला जातो, पण विचारला सर्वांत जास्त जातो. ज्यांनी श्रावण पाळला त्यांचे बहुधा चवथीनंतरच सुटते. घरचा गणपती पोचवला, घर पुसून घेतले, की दुसऱ्या दिवसापासून मोकळे. घरात सात किंवा अकरा दिवसांचा असेल तर तेवढे थांबायचे. आपला गेला पण जोडून असलेल्या भावाच्या घरात अजून आहे आणि स्वयंपाकघर एकच आहे, असे असेल तर थांबणेच शोभते. ट्रॉलरांवरची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपलेली असते, त्यामुळे माल असतो. पण दीड दिवसाच्या विसर्जनानंतरच्या सकाळी बाजारात बांगड्याचा भाव ऐकूनही ज्याला धीर धरवतो तो माणूस थोर.

१३. मुलीची पहिली चवथ आहे. वजे पाठवावे लागते का? किती?

वजे म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरून सासरी जाणारे ओझे: नेवऱ्या, लाडू, नारळ, फळे, माटोळीचे सामान, कपडे. पूर्वी ते खरोखर डोक्यावरून पाटीने जायचे. मागचा विचार सरळ होता. नव्या सुनेच्या निमित्ताने दोन घरांची ओळख व्हावी, आणि सासरच्या वाड्यावर वाटलेल्या नेवरीबरोबर तिचे नावही घरोघर पोचावे.

आता त्याची मोजणी होते, हे खरे आहे. नेवऱ्या शेकड्यांत सांगितल्या जातात, मिठाईच्या दुकानांत वज्याची ऑर्डर घेतात आणि कोणाकडून काय आले याची चर्चा अनंत चतुर्दशीपर्यंत पुरते. माझे मत विचाराल तर सासरच्यांनी स्वतःहून फोन करून "माटोळीला पाच फळे आणि घरच्या पाच नेवऱ्या पाठवा, बाकी काही नको" असे सांगावे. मुलीच्या आईवडिलांना हे बोलता येत नाही, सासरच्यांना येते. आणि सासरहून आकडा सांगितला जात असेल तर ती मागणीच झाली, तिला रिवाजाचे नाव देऊ नये. अशा वेळी शक्य तेवढे साधे पाठवा आणि आकड्यावर बोलणे टाळा. चवथ दोन दिवसांत संपते, कर्ज राहते.

वजे घेऊन आलेल्यांना रिकाम्या हाती परत धाडत नाहीत. पाटी परत जाताना तिच्यात प्रसाद आणि नारळ ठेवतात. वज्यातले पदार्थ वाटायचे असतात, साठवायचे नसतात.

१४. घुमट आरती कुठे ऐकायला मिळेल? आम्हाला वाजवता येईल का?

वाड्यावर संध्याकाळी घरोघर फिरणाऱ्या आरत्या होतात, पाठोपाठ चाला. घुमट (मातीच्या मडक्याला चामडे लावलेले), समेळ (काठीने वाजवायचा ढोल) आणि कांसाळे (झांजा), एवढीच वाद्ये, पण एकदा लय चढली की तासभर कोणी थांबत नाही. शब्द मराठी, चाल मात्र अगदी इथली. "सुखकर्ता दुःखहर्ता" इथे ज्या ठेक्यात म्हणतात तो पुण्याच्या माणसाला दुसऱ्या कडव्यापर्यंत पकडता येत नाही. घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून २०१९ साली मान्यता मिळाली.

घुमट विकत घेताना चामडे विचारून घ्या. पूर्वी घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहे, त्यामुळे ते बाळगणेही गुन्हा ठरू शकते. आता बकऱ्याचे कातडे लावतात. जुने वाजवणारे म्हणतात नाद तसा येत नाही. नसेल येत, पण घोरपड मारून आणण्यासारखा तो नक्कीच नाही.

लाउडस्पीकर रात्री १० नंतर बंद, हा नियम चवथीलाही आहे. घुमटाला लाउडस्पीकर लागतही नाही.

१५. शेजाऱ्यांनी दर्शनाला बोलावले आहे. काय न्यायचे, कसे वागायचे?

नारळ, फुले किंवा उदबत्ती पुरे. मिठाईचा खोका नेलात तरी चालेल, पण त्या घरात आधीच गोडाचे डोंगर असतात. चपला बाहेर, नमस्कार, आणि समोर आलेला प्रसाद खाल्ल्याशिवाय उठू नका. "जेवून आलोय" हे कारण चालत नाही. ख्रिस्ती, मुसलमान शेजारी, भाडेकरू, कोणीही जाऊ शकतो, आणि बोलावणे नसले तरी ओळखीच्या घरी जायला हरकत नसते. फोटो विचारून काढा. पर्यटक म्हणून आला असाल आणि ओळख कोणाचीच नसेल तर सार्वजनिक गणपतीला जा. उघड्या दारातून अनोळखी घरात डोकावत फिरू नका.

१६. आमच्या घरी मूर्ती नाही, कागदावरच्या चित्राची पूजा होते. मूर्ती आणायला सुरुवात करावी का?

अशी घरे बरीच आहेत. काहींत कागदावरचा गणपती, काहींत फक्त पत्री. धर्मसमीक्षणाच्या काळात मूर्ती लपवता येत नसे, चित्र पेटीत ठेवता येई आणि पाने तर कोणाला कळतही नसत, असे या घरांतून पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत (प्रश्न ३ पाहा). तो धाक संपून दोन शतके झाली तरी रीत राहिली. माझे मत असे की ती राहू द्यावी. मूर्ती कोणालाही आणता येते. अशी रीत विकत मिळत नाही. मुलांना मूर्ती हवीच असेल तर शाळेत नेऊन मातीचा छोटा गणपती त्यांच्याच हाताने करू द्या.

१७. भाऊ वेगळे झाले. मूळ घरी गणपती आहेच. मी माझ्या फ्लॅटमध्ये वेगळा आणू का?

वेगळी चूल झाली म्हणून गणपती वेगळा व्हायलाच हवा असे नाही. गोव्यात बहुतेक घराणी मूळ घरचा एकच ठेवतात आणि खर्च व काम वाटून घेतात. काही ठिकाणी दरवर्षी एकेका भावाकडे पाळी असते. वेगळा आणायचा असेल तर आधी मूळ घरी बोला. बहुतेक भांडणे मूर्तीवरून होत नाहीत, न विचारल्यावरून होतात. आणि एकदा आणला की दरवर्षी आणायची तयारी ठेवावी, एक वर्ष हौस आणि दुसऱ्या वर्षी थायलंड असे करू नये. मूळ घरच मोडकळीला आले असेल, तिथे कोणी राहत नसेल, तर थोरल्याकडे हलवतात. पुरोहित त्याची रीत सांगतात.

१८. सुतक आले तर?

मूर्ती सांगून झालेली असते आणि नेमके घरात कोणी जाते, असे होते. सुतकात त्या घरचे पूजा करत नाहीत. काही ठिकाणी सुतक नसलेला सोयरा किंवा शेजारी येऊन पूजा करतो आणि गणपती लगेच पोचवतो. काही ठिकाणी त्या वर्षी आणतच नाहीत. मूर्तिकाराला लवकर कळवा, तो समजून घेतो. कोणती रीत तुमची हे घराणे ठरवते. सुतक किती लांबच्या नात्याला लागते यावर शंका असेल तर पुरोहितांना नाते सांगून विचारा, चुलत-मावस एवढ्यावर अंदाज बांधू नका. प्रतिष्ठापना होऊन गेल्यावर वार्ता आली तर बहुतेक पुरोहित दुसऱ्याच्या हाताने उत्तरपूजा करून विसर्जन सांगतात.

१९. घरात कोणी गरोदर असेल तर विसर्जन करत नाहीत, हे खरे आहे का?

काही घरांत ही समजूत आहे, काहींत नाही. ज्यांच्यात आहे ते त्या वर्षी मूर्ती ठेवतात आणि बाळंतपणानंतर किंवा पुढच्या चवथीला पोचवतात. तुमच्या घरात कधी ऐकले नसेल तर शेजारणीच्या सांगण्यावरून नव्याने सुरू करू नका.

२०. पाळी आली तर?

जुन्या घरांत पूजेपासून आणि सोवळ्याच्या स्वयंपाकापासून दूर राहायला सांगतात. हल्ली अनेक घरांत हे पाळत नाहीत. सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एका नैवेद्यासाठी शरीराशी खेळ करावा असे गणपतीने कुठे सांगितलेले नाही.

२१. भटजी मिळत नाहीत.

चवथीच्या दिवशी एकेक पुरोहित पहाटेपासून दुपारपर्यंत घरे घेत धावत असतो. श्रावणातच वेळ ठरवून घ्या. नसेलच मिळत तर पोथी समोर ठेवून घरच्या माणसाने पूजा करावी. पत्री एकवीस सांगितल्या आहेत, पण मिळतील तेवढ्या पुरतात. दूर्वा मात्र चुकवू नका. एरवी गणपतीला न वाहिली जाणारी तुळस या एका दिवशी चालते.

२२. चंद्र दिसला. आता?

स्यमंतक मण्याची गोष्ट वाचा किंवा ऐका, हा सांगितलेला उपाय. ऑगस्ट-सप्टेंबरात गोव्याच्या आकाशात ढगच इतके असतात की चंद्र दिसला तर नशीबच म्हणायचे.

२३. विसर्जन कुठे आणि कसे?

गावात तळी, ओहोळ, नदी, किनाऱ्यावर समुद्र. घरच्या विहिरीतही करणारे आहेत, पण पिण्याचे पाणी असेल तर नको. उत्तरपूजा, शिदोरीला दही-पोहे, आरती, आणि संध्याकाळच्या आत घराबाहेर. फुले, माळा, प्लास्टिकची सजावट पाण्यात टाकू नका. पाण्यात उतरणारी माणसे दोनच, तीही पोहणारी, प्यायलेली नकोत. पावसाळ्यात तळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि ओहोळाची ओढ वरून कळत नाही. इमारतीत राहत असाल तर मातीची छोटी मूर्ती मोठ्या भांड्यात विरघळवून ते पाणी झाडांना घातले तरी विसर्जनच होते.

बघण्यासारखे विसर्जन म्हणाल तर कुंभारजुव्याचे, सातव्या दिवशी. होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात, त्यावर गणपती आणि वेगवेगळी सोंगे, आणि दोन्ही काठांवर माणसे. लवकर जा, गाडी गावाबाहेर ठेवा. तिथून जवळच माशेल-खांडोळ्याचा महागणपती आहे, मूळचा दिवाडी बेटावरचा. तेही दर्शन होते.

२४. आणताना मूर्तीचे बोट किंवा सोंड दुखावली तर?

प्रतिष्ठापनेआधी असेल तर मूर्तिकाराकडे न्या, ओल्या मातीने जोडून देतो, किंवा त्याच्याकडे शिल्लक असलेली दुसरी मूर्ती घ्या. शाळेत दोन-चार जास्तीच्या मूर्ती असतातच. प्रतिष्ठापनेनंतर असेल तर घाबरू नका, पुरोहितांना फोन करा. बहुतेक वेळा उत्तरपूजा करून विसर्जन करायला सांगतात. मुलाच्या हातून झाले असेल तर त्याला त्या दिवशी रागावू नका.

२५. नवरा ख्रिस्ती आहे, मला घरी छोटा गणपती आणायचा आहे. चालेल का?

देवाच्या बाजूने अडचण नाही. दोन्ही घरच्यांच्या बाजूने असू शकते, ती आधी बोलून घ्या, आदल्या रात्री नको. प्रश्न १७ मधला एकच मुद्दा इथेही लागू आहे: दरवर्षी निभेल एवढाच व्याप ठेवा. अशा काही घरांत दीड दिवसाचा गणपती आणि डिसेंबरातला नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) दोन्ही त्याच टेबलावर होतात. त्या टेबलाचे पाय पक्के आहेत ना, तेवढे बघा, कारण माटोळी बहुधा त्याच्याच चौकटीला बांधली जाते.